भिवापूरची छोटी लाईन आणि वाफेच्या युगाचे वेड

वाफेच्या इंजिनांचे, पितळी यंत्रांचे आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातील राहणीचे आकर्षण असणाऱ्या लोकांचा एक मोठा वर्ग गेल्या तीन-चार दशकांत जगभर तयार झाला असून, त्याच्या आवडीला ‘स्टीमपंक’ असे नाव आहे. स्टीम म्हणजे वाफ, आणि ‘पंक’ हा शब्द ‘सायबरपंक’ या विज्ञानकथेच्या प्रकारावरून उचललेला आहे. संगणकांच्या अंधाऱ्या भविष्याविषयी लिहिणाऱ्यांना सायबरपंक म्हणत, म्हणून वाफेच्या भूतकाळाविषयी लिहिणाऱ्यांना स्टीमपंक म्हणावे, असे अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये एका विज्ञानकथाविषयक नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात सुचवले आणि नाव रूढ झाले. विजेची आणि पेट्रोलची मात्रा चाललीच नसती, वाफ हीच माणसाची प्रमुख शक्ती राहिली असती, तर आजचे जग कसे दिसले असते, ही या साहित्यामागची कल्पना आहे. तिच्यातून आधी कादंबऱ्या निघाल्या, मग चित्रपट निघाले, आणि पुढे पितळी चष्मे, दात्यांची चक्रे व लांब कोट घालून एकत्र जमणारे हौशी लोक तयार झाले.

या हौसेवर एखादे लहान गाव उभे राहू शकते, याचे उदाहरण न्यूझीलंडमधील ओमारू या गावाने घालून दिले आहे. तेथील वस्ती सुमारे चौदा हजारांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्य, लोकर आणि मांस यांच्या व्यापारावर ते भरभराटीला आले आणि तेथील पांढऱ्या चुनखडीच्या दगडात बँका, गोदामे व कचेऱ्या बांधल्या गेल्या. नंतर व्यापार ओसरला, १९७४ मध्ये बंदरही जहाजांना बंद झाले, आणि जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याइतका पैसा गावात न राहिल्यामुळे त्या इमारती वाचल्या. १८८३ मध्ये बांधलेल्या धान्याच्या एका कोठारात २०११ मध्ये स्टीमपंकचे एक प्रदर्शनगृह सुरू झाले, ज्याच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या इंजिनात नाणे टाकले की ते धूर आणि ज्वाळा सोडते. तेव्हापासून गावाची ओळखच बदलली. ओमारूने बाहेरून काही आणले नाही, जे उरले होते तेच नीट पाहिले, आणि या एका गोष्टीमुळे त्याचे उदाहरण विदर्भातील एका तालुक्याच्या गावाला लागू पडते.

हे गाव म्हणजे नागपूर जिल्ह्यातील भिवापूर. नागपूरच्या आग्नेयेस, उमरेडच्या पुढे असलेले हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः त्याच्या तिखट मिरचीमुळे माहीत आहे. त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. व्हिक्टोरियन वाडे, घड्याळाचे मनोरे किंवा दगडी बँका येथे शोधणे व्यर्थ आहे. येथे होती ती अडीच फुटांच्या रुळांची आगगाडी. नागपूरच्या इतवारी स्थानकापासून कुही, उमरेड, भिवापूर करत चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडपर्यंत जाणारा हा सुमारे एकशे सहा किलोमीटरचा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने बांधला आणि १९०८ मध्ये तो सुरू झाला. काटेकोरपणे पाहिले तर राणी व्हिक्टोरियाचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले होते, तेव्हा ही लाईन तिच्या मुलाच्या कारकिर्दीतली ठरते. तथापि ज्या कंपनीने ती बांधली, ज्या तंत्राने बांधली आणि ज्या हिशेबाने बांधली, ते सर्व एकोणिसाव्या शतकातच घडलेले होते.

तो हिशेब समजून घेण्यासाठी ‘गेज’ म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर, ही कल्पना स्पष्ट व्हायला हवी. भारतातील मुख्य मार्गांचे हे अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे आणि त्याला ब्रॉडगेज म्हणतात. भिवापूरच्या लाईनचे अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते, आणि तो नॅरोगेजचा एक प्रकार. रूळ जवळजवळ आले की डबे अरुंद होतात, भराव कमी रुंदीचा पुरतो, पूल हलके चालतात आणि गाडी अधिक तीव्र वळण घेऊ शकते, त्यामुळे जेथे माल थोडा व प्रवासी गरीब, अशा मुलखात रेल्वे नेणे परवडते. या विचाराला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय ज्या इंग्रज अभियंत्याला दिले जाते त्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची पहिली मोठी कामगिरी महाराष्ट्रातच झाली. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेत त्यांनी इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावरील भार पाच टनांच्या आत समान ठेवला, ज्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येऊ लागला. बार्शीच्या लाईनने हे सिद्ध केल्यानंतर अडीच फुटांचा गेज भारतात झपाट्याने पसरला. बंगाल-नागपूर कंपनीनेही गोंदियाहून सातपुड्याच्या डोंगरातून जबलपूरपर्यंतचा नॅरोगेज मार्ग १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू केला, आणि नागभीडची लाईन त्याच कुटुंबातली.

या कुटुंबात धावलेल्या इंजिनांपैकी ‘सीसी’ वर्गाची इंजिने वाफेच्या शौकिनांना विशेष प्रिय आहेत. ग्लासगो येथील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९०६-०८ च्या सुमारास बांधलेल्या या इंजिनांना पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी चालक चाके आणि मागे दोन लहान चाके असत. या रचनेला रेल्वेच्या परिभाषेत ‘पॅसिफिक’ म्हणतात. मागची दोन चाके शोभेसाठी नव्हती. चालक चाकांच्या मागे, या दोन चाकांच्या आधारावर भट्टी बसवल्याने ती रुंद करता येई, आणि रुंद भट्टीत राखेचे प्रमाण अधिक असलेला हलक्या प्रतीचा कोळसाही चांगला जळे. परदेशात बांधलेले यंत्र भारतातील कोळशाशी असे जुळवून घ्यावे लागे.

वाफेच्या इंजिनाचे कार्य मुळात साधे आहे. भट्टीतला तप्त धूर बॉयलरमधून जाणाऱ्या अनेक नळ्यांतून पुढे जातो आणि भोवतालचे पाणी उकळतो. मोकळ्या हवेत पाण्याची वाफ झाली तर ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा व्यापते, आणि बंद बॉयलरमध्ये तिला ती जागा मिळत नसल्यामुळे तिचा दाब वाढतो. ही दाबलेली वाफ सिलिंडरमध्ये सोडली की ती आतल्या दट्ट्याला एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने ढकलते, दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो, आणि काम संपलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना ‘झुकझुक’ असा आवाज करते. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या ज्या आवाजाने गाडी ओळखत आल्या, तो आवाज म्हणजे सिलिंडर रिकामा होण्याचा आवाज होय. बाहेर पडणारी ही वाफ धुराड्यात ओढ निर्माण करते, त्या ओढीने भट्टीत हवा शिरते आणि आग भडकते. म्हणजे इंजिन जितके जास्त राबते तितका त्याचा विस्तव आपोआप फुलतो. यंत्राने स्वतःची गरज स्वतः भागवण्याची इतकी सुंदर व्यवस्था नंतरच्या यंत्रांत क्वचितच इतकी उघडपणे दिसते.

उघडपणा हाच येथे कळीचा शब्द आहे. आजचा मोबाईल किंवा आजचे विद्युत इंजिन पाहून ते कसे चालते हे कोणालाही कळत नाही, तर वाफेच्या इंजिनाशेजारी पाच मिनिटे उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलालाही दांडा, चाक आणि वाफ यांचा संबंध डोळ्यांनी दिसतो. स्टीमपंकच्या वेडामागे पितळेची चमक आणि जुने पोशाख यांपेक्षा ही भूक अधिक खरी आहे, असे मानायला जागा आहे: यंत्र पाहावे आणि समजावे, ही भूक.

भिवापूरच्या परिसरात अशा शौकिनाने यावे, तर त्याची पहिली पायरी नागपूरला पडते. नागपूरच्या मोतीबाग भागात, जेथे नॅरोगेजच्या गाड्यांची दुरुस्ती करणारी रेल्वेची कार्यशाळा होती, तेथे १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. जुनी इंजिने, डबे, ट्रॉल्या, कंदील, सिग्नलची साधने, दूरध्वनी आणि घड्याळे असा त्यातला संग्रह असून, मुलांसाठी लहान गाडीही आहे. पुष्कळ प्रेक्षक इंजिनांपाशी छायाचित्रे काढून परततात; पण तेथील खरी मेजवानी सिग्नलच्या साधनांपाशी आहे. एकाच रुळावरून दोन्ही दिशांनी गाड्या जात असताना समोरासमोर टक्कर होऊ नये, यासाठी भारतातील अनेक एकेरी मार्गांवर ‘टोकन’ची पद्धत होती. दोन स्थानकांमधल्या पट्ट्यासाठी एका वेळी एकच लोखंडी गोळा यंत्रातून बाहेर निघू शके, तो गोळा हातात असल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नाही असा नियम असे, आणि तो पुढच्या स्थानकातील यंत्रात परत टाकेपर्यंत दोन्ही यंत्रे कुलूपबंद राहत. तारेतून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह, लोखंडी दाते आणि एक गोळा एवढ्यावर शेकडो माणसांचे प्राण सुरक्षित ठेवणारी ही योजना कोणत्याही कल्पित स्टीमपंक यंत्राहून थोर आहे.

मोतीबागेहून दूर नसलेला दुसरा टप्पा मात्र आज डोळ्यांनी दिसण्यापेक्षा कल्पनेनेच पाहावा लागतो. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापड गिरणी शुक्रवारी तलावाजवळच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळच्या, पाणथळ जमिनीत भराव घालून उभी राहिली. मुंबई सोडून नागपूर निवडण्याची कारणे अगदी व्यवहारी होती: कापूस आसपासच पिकत होता, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, आणि चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या खाणीचा कोळसा जवळ होता. गिरणीचे उद्घाटन १ जानेवारी १८७७ रोजी झाले. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरियाला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. या गिरणीने १८८० च्या दशकात सूतकताईची ‘रिंग’ नावाची नवी पद्धत, जिच्यात एका कड्याभोवती वेगाने फिरणारा लहानसा तुकडा सुताला पीळ देतो, भारतात अगदी आरंभीच वापरून पाहिली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची आणि अपघाताच्या भरपाईची सोयही तिने त्या शतकातच केली. पुढे गिरणी बंद पडली आणि तिच्या जागेवर आज एक मॉल उभा आहे, ज्याने ‘एम्प्रेस’ हे नाव तेवढे जपले आहे.

येथे व्हिक्टोरियन काळाच्या प्रेमिकाने क्षणभर थांबायला हवे. ज्या दिवशी दिल्लीत दरबार भरला आणि नागपुरात चाके फिरू लागली, त्या दिवशी पुणे, सोलापूर, साताऱ्यापासून मद्रास इलाख्यापर्यंत १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ सुरू होता. त्याच दरबाराला पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले गणेश वासुदेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखतो, हातमागाच्या खादीचे कपडे घालून उपस्थित राहिले होते. वाफेवर चालणारी गिरणी आणि अंगावरची खादी, एकाच दिवसाची ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय त्या काळाचे वेड अपुरे राहते. भिवापूरच्या शेजारचे उमरेड आणि पवनी ही गावे बारीक सुताच्या, रेशीमकाठी कापडाच्या विणकामासाठी प्रसिद्ध होती, आणि वाफेने त्या विणकरांना एका हाताने गिरणीचे स्वस्त सूत दिले, तर दुसऱ्या हाताने गिरणीच्या स्वस्त कापडाची स्पर्धा दिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाल्यानंतर दहा वर्षांच्या आतच भिवापुरातून आगगाडी धावू लागली, ही गोष्टही विसरता येत नाही. पोशाख घालून त्या युगात शिरणाऱ्याने त्यातल्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा आणि रूळ सांभाळत उन्हातान्हात चालणाऱ्या गँगमनचा वेशही कधी चढवून पाहावा.

साहित्याच्या बाजूने पाहिले, तर या प्रदेशाचे स्टीमपंकशी असलेले नाते शब्द जन्मण्याच्या एक शतक आधीचे आहे. या शैलीचे पूर्वज मानले जाणारे फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८८० मध्ये वाफेच्या घराची एक कादंबरी प्रसिद्ध केली, जिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन फिरती घरे ओढत कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो आणि अखेरीस जबलपूरच्या बाजूला त्याचा अंत होतो. या कादंबरीचा खलनायक आहे नानासाहेब, म्हणजे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा दत्तक पुत्र. मराठी वाचकाच्या दृष्टीने १८५७ च्या उठावातला जो वीर, तोच युरोपीय कल्पनेत दुष्ट ठरतो, आणि वाफेचा हत्ती हे साम्राज्याच्या बळाचे प्रतीक होते. त्याच व्हर्न यांनी आपला सर्वांत प्रिय नायक, पाणबुडीचा कप्तान नेमो, हा मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि १८५७ च्या लढ्यातला सैनिक असल्याचे ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत उघड केले, ही त्याची दुसरी बाजू. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांतून व्हर्न मराठी मुलांच्या घरात आले. तेव्हा भिवापूर किंवा उमरेडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत व्हर्न वाचणारा मुलगा ही कल्पना मुळीच दूरची नाही, आणि मराठीत आपला पोलादी हत्ती, आपल्या नानासाहेबांच्या बाजूने, अजून कोणी का लिहिला नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पितळी साधनांचा शौक असणाऱ्यांनी विदर्भातला आणखी एक धागा धरावा. भारताची त्रिकोणमितीय मोजणी, म्हणजे उंच जागांवरून कोन मोजून त्रिकोणांच्या साखळीने सगळा देश मापण्याचे काम, सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे झाला. त्यांचे कोन मोजण्याचे मुख्य यंत्र लंडनमध्ये बनलेले आणि सुमारे अर्ध्या टनाचे होते, आणि ते माणसांच्या खांद्यांवरून टेकड्या-मनोऱ्यांवर चढवावे लागे. नागपूरचा ‘झिरो माईल’चा दगडी खांब याच मोजणीच्या परंपरेतला आहे, देशाचा मध्यबिंदू म्हणून त्याची जी ख्याती झाली, तिच्यापेक्षा मोजणीची खूण म्हणून त्याचे मोल मोठे.

भिवापूरच्या लाईनवर वाफेची जागा नंतर डिझेल इंजिनांनी घेतली. या बदलाची कथा विदर्भात सर्वत्र सारखी आहे: यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या ‘शकुंतला’ रेल्वेवर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले आणि मगच डिझेल आले. इतवारी-नागभीड मार्गावरील छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, आणि मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचे काम हाती घेतले गेले. या रूपांतराला विरोध करणे चूक ठरेल. मिरची आणि धान बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला, नागपूरला शिकायला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या कुटुंबाला वेगवान गाडी हवी, आणि ती मिळण्याचा त्यांचा हक्क कोणाच्याही हौसेपेक्षा मोठा आहे. पण रुंद मार्ग टाकताना अरुंद मार्गाची प्रत्येक खूण पुसून टाकावीच लागते, असे मात्र नाही. नेरळ-माथेरानची दोन फुटांची गाडी १९०७ पासून आजही ओळखीची राहिली, कारण तिला पर्यटकांनी राखले. भिवापूरजवळ उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य असल्याने तेथेही बाहेरचे पाहुणे येतातच, आणि वाघ पाहायला आलेल्या माणसाला एक तास इंजिनापाशी थांबवणे अवघड नाही.

त्यासाठी मोठे संग्रहालय लागत नाही. नव्या स्थानकाच्या आवारात जुन्या रुळांचा पन्नास-शंभर मीटरचा तुकडा, त्यावर एक डबा, शेजारी गोळ्याचे टोकन-यंत्र चालवून पाहता येईल असे मांडलेले, आणि १९०८ पासूनच्या लाईनची हकिकत सांगणारा मराठी फलक, एवढे पुरेल. त्या रुळांच्या मध्ये उभे राहिलेले मूल एक पाय एका रुळावर आणि दुसरा दुसऱ्यावर सहज ठेवू शकेल, आणि पलीकडच्या नव्या मार्गावर तसे करून पाहताना त्याचे पाय पुरणार नाहीत.